बसून काम

एखादा माणूस पहिल्यापासून वाईटच असला की बरं असतं. राग धरायला सोपं जातं. त्याचं नाव निघालं की दोन शिव्या घालायच्या आणि आपल्या कामाला लागायचं. भास्करमामांनी आमची तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही. आजही त्यांचं नाव निघालं की मला आधी हसू येतं, आणि मग हसू आलं म्हणून स्वतःचाच संताप येतो.

मामा भिवंडीजवळच्या पूर्णा गावचे. आज जिथं आमच्यासारखी गोदामं एकाला एक चिकटून उभी आहेत, तिथं त्यांच्या घरची भातशेती होती. जमीन गोदामांना गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि मामांच्या वाट्याला एवढं आलं की त्यांनी ओटीवर बसून पान खाल्लं असतं तरी घर चाललं असतं. पण बसून राहणं त्यांच्या अंगातच नव्हतं. तरुणपणी ते भिवंडीत लूमवर होते. आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्या खडखडाटानं त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्ध्यावर आला होता. त्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. कुणाच्या सुनेचं दुखणं असो की कुणाच्या नवऱ्याची दारू, मामांनी विचारपूस केली की ती अख्ख्या गोदामाला कळायची. "काय गो, परत मारला त्यानं?" असं त्यांनी एकदा एकीला भर पॅकिंग लाइनवर विचारलं. ती बिचारी लाजून खोक्यात तोंड घालायची बाकी राहिली. पण त्या संध्याकाळी मामा तिच्या घरी जाऊन नवऱ्याला असं काही बोलून आले की पुढं तिचा नवरा मामांची गाडी दिसली तरी रस्ता बदलायचा.

मी तिथल्याच एका गोदामात पॅकिंगला होते. लोक मोबाइलवर बोट दाबून जे मागवतात, कपडे, भांडी, खेळणी, चार्जर, ते सगळं आम्ही खोक्यात भरून, पट्टी लावून पुढं सोडायचो. आम्ही एजन्सीच्या, म्हणजे ठेकेदारामार्फत लागलेल्या बायका. बहुतेक शहापूर, वाडा, मुरबाडकडच्या, कुणबी घरातल्या, इथं खोली घेऊन राहणाऱ्या. काम उभ्यानं. शिफ्ट संपेस्तोवर उभ्यानं. घरी गेलं की पायांत गोळे यायचे आणि नवरे म्हणायचे, एसीत तर असता तुम्ही.

युनियन पाहिजे हे आम्हाला कळत होतं. एकदा ठाण्याहून एक युनियनवाले आलेही होते. साधा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत पत्रकं. प्रत्येकीला थांबवून हक्क समजावून सांगायला लागले. गावातली चार टगी मोटारसायकलवर आली आणि म्हणाली, काका, आमच्या गावात धंदा बिघडवू नका. काका पत्रकं घेऊन गेले. तेव्हा आम्ही बायकांनी डोकं चालवलं. म्हटलं, बाहेरचा माणूस आणला तर त्याला गाव अडवणार. मग गावचाच माणूस पुढं केला तर कोण अडवणार? आणि गावचा, शिवाय स्वतः कामगार राहिलेला, शिवाय कुणाच्या बापाला न भिणारा असा माणूस एकच होता. आम्ही आठ-दहा जणी मामांच्या ओटीवर जाऊन बसलो. मामींनी चहा दिला. मामांनी उजवा कान आमच्याकडे करून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या बोर्ड लावू."

उद्या काही लागला नाही, पण लागला. गेटच्या बाजूला युनियनचा बोर्ड, त्याला झेंडूचा हार, नारळ, पेढे, फटाक्यांची माळ. आमच्याकडे गेटवर बोर्ड लागला की जिंकल्यासारखंच असतं. कंपनीनं तो लावू दिला हे पाहूनच आम्ही हरखलो होतो. का लावू दिला, असं कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मामांनी कामं केली. आमच्याकडे बाथरूमला जायचा एक पास होता. गळ्यात अडकवायचा, प्लास्टिकचा. अख्ख्या लाइनीला मिळून एकच पास. एक परत आली की दुसरीनं जायचं. पाळीच्या दिवसांत तर बायका रडकुंडीला यायच्या. सुपरवायझर म्हणायचा, कंपनीचा रूल आहे. मामांना हे कळलं त्या दिवशी ते आले, माझ्या गळ्यातला पास काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि थेट मॅनेजरच्या केबिनीत शिरले. दार उघडंच ठेवलं. तेव्हाचे मॅनेजर सक्सेना साहेब.

"साहेब, मना लघवीला जायचा हाय. जाऊ?"

आवाज पार लोडिंगच्या डॉकपर्यंत. साहेब हसले. "मामा, जाइए ना, इसमें पूछना क्या?"

"न्हाय, असा न्हाय. पास हाय माज्या गल्यान. परवानगी द्या."

दिली. मामा गेले, आले. पाच मिनिटं जातात न जातात तोच परत दारात. "साहेब, परत आली. शुगर हाय मना." मग परत. तोवर डॉकवरचे हमाल काम सोडून दात काढत उभे, ड्रायव्हर लोक गाडीतून उतरून आलेले, आणि आम्ही तोंडाला ओढणी लावून हसतोय. शेवटी साहेब उठून बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, मामा, वो पास मेरे को दे दो. पास गेला तो गेलाच. त्या रात्री घरी जाऊन मी नवऱ्याला मामांची नक्कल करून दाखवली होती.

केबिनीत मामा कधी बसायचे नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. साहेब म्हणायचे, बैठिए मामा. मामा म्हणायचे, उबाच बरा हाय. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पोरी, बसलो का चाय येते. चाय पोटान गेली का आवाज बसतो." आम्हाला हे इतकं आवडलं की पुढं कुणी सुपरवायझरकडून साधी चहाची कपबशी घेतली तरी आम्ही तिला चिडवायचो, आता हिचा आवाज बसला.

त्यांची आणखी एक करामत होती. लूमच्या शेडमध्ये काही म्हणता काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात. मामांची इतकी वर्षं त्यात गेलेली. समोरच्या टोकाला उभा माणूस काय बोलतोय ते ते नुसते ओठ बघून सांगायचे. आमच्या मॅनेजरची केबिन काचेची. साहेबाला वाटायचं, काच लावली की गुपित राहिलं. एका दुपारी साहेब आणि एजन्सीचा माणूस आत बोलत होते आणि मामा माझ्या टेबलापाशी पाण्याची बाटली तोंडाला लावून उभे. पाणी पीतच नव्हते. मग बाटली खाली करून म्हणाले, "सोमवारी नव्या बायांची बस येनार. तुमाला गेटवरनंच परत लावनार."

मला रडूच फुटलं. मामा म्हणाले, "रडतेस काय? सोमवारी बसच्या आदी या."

आम्ही आलो. अंधार सरतोय न सरतोय तोच सगळ्या जणी गेटवर. मामा गेटच्या आडव्या दांड्यावर हात ठेवून उभे. बस आली, नव्या बायका उतरल्या, त्याही आमच्यासारख्याच, घाबरलेल्या. मामांनी त्यांच्यावर आवाज चढवला नाही. एजन्सीच्या माणसाला म्हणाले, "आदी ह्या आत जातील. मंग जागा उरली तर त्या." आणि गेलो आम्ही आत. त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्या एका माणसानं वाचवल्या. हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात मामा वाडीतल्या कैऱ्या आणायचे, मीठ-मसाला लावून. प्रत्येकीचं माहेरचं गाव त्यांना पाठ. भांडण कुठलंही असो, त्यांचा एकच शब्द. "मिटवू." सुपरवायझरनं शिवी दिली, मिटवू. दोघींची डब्यावरून जुंपली, मिटवू. आणि मिटवायचेही. दोघांना समोरासमोर उभं करून, एकाला चार शब्द, दुसऱ्याला चार शब्द, मग दोघांना एका ताटात काहीतरी खायला लावायचे. त्यांच्या गावाची हीच रीत. बांधाचं भांडण असो, मोडलेलं लग्न असो, गावदेवीच्या पायरीवर बसायचं, नारळावर हात ठेवून शब्द द्यायचा, चार माणसांनी ऐकायचा, नारळ फोडायचा आणि खोबरं वाटायचं. तो शब्द गावात कुणी मोडत नाही. मोडला तर त्याच्या घरच्या कार्याला कुणी जात नाही. गोदामसुद्धा गावातच आहे, म्हणजे गोदामालाही हीच रीत लागू, असं मामांना मनापासून वाटायचं. मामांच्या संगतीनं आम्हालाही वाटायला लागलं होतं.

मग कल्पनाचा पाय गेला.

कल्पना माझ्या शेजारच्या टेबलावर. वाड्याकडची, माझ्यापेक्षा लहान, तोंडानं फटकळ. पॅकिंग करताना प्रत्येक वस्तूवर तिची एक कॉमेंट. "हे बघ, एवढ्याशा कंगव्याला एवढं मोठं खोकं, नवरी मुलगी आहे का पाठवायला?" त्या दिवशी मालानं भरलेली ट्रॉली मागून आली. ओढणारा नवीन होता, त्याला थांबवता आली नाही. कल्पनाच्या पायात साधी चप्पल. सेफ्टीचे बूट कंपनीच्या माणसांना होते, एजन्सीच्या बायकांना नव्हते. ट्रॉली तिच्या उजव्या पावलावर चढली. ती ओरडली तो आवाज मी नाही सांगत.

हाडांचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी जोडलं तेवढं जोडलं आणि सांगितलं, चालेल ही, पण फार वेळ उभी नाही राहू शकणार. तिचा नवरा रमेश टेम्पो चालवतो. शांत माणूस, पण त्या दिवशी पेटला होता. म्हणाला, मी पोलिसांत जाणार, कामगार ऑफिसात जाणार, लेखी देणार. मी म्हटलं, जा, मी येते साक्षीला.

तेवढ्यात मामा दोन शहाळी घेऊन हॉस्पिटलात आले. कल्पनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. हे नाटक नव्हतं, मी समोर होते. मग रमेशला बाहेर घेऊन गेले. बाहेर म्हणजे काय, त्यांचा आवाज वॉर्डात ऐकू येतच होता.

"रमेश, कागूद केलास का वैर झाला. मंग साहेब कागदानं बोलंल, तू कागदानं बोलशील, आन पोरीचा पाय र्‍हाईल बाजूला. तुना काय पायजे? पोरीला काम पायजे ना? बसून करायचा काम. ता मी देतो मिळवून. कायमचा."

रमेश दारातून माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार होते? पास काढणारा हाच माणूस, सोमवारी आम्हाला आत घेऊन जाणारा हाच माणूस. मी म्हटलं, मामा म्हणतायत तर ऐकू या.

गावदेवीच्या देवळात सक्सेना साहेब आले, बूट-मोजे काढून. त्यांना सगळी गंमतच वाटत होती. "हाथ इधर रखना है?" म्हणाले आणि नारळावर हात ठेवला. मामांनी देवीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कल्पनाबाय बरी झाली का तिला रिटर्नच्या टेबलावर बसून काम. कायम. तिला कोनी उठवायचा न्हाय." साहेबांनी ते हिंदीत म्हटलं. मग मामांनी स्वतःचा हात साहेबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मी जामीन." नारळ फुटला. पहिला तुकडा मामांनी रमेशच्या हातात दिला. तक्रार तिथंच राहिली.

आणि कल्पना आली की परत. काठी टेकत आली, रिटर्नच्या टेबलामागं खुर्चीवर बसली. लोक नापसंत म्हणून परत पाठवतात तो माल तपासायचं काम. आमची कल्पना तिथं राणीसारखी बसायची. एकदा एक साडी परत आली, न वापरलेली म्हणून, आणि पदराला हळद आणि केळीच्या पानाचा डाग. कल्पनानं ती उंच धरून अख्ख्या लाइनीला दाखवली. "लग्न उरकून साडी परत! उद्या नवरापण पाठवतील, साइज बसत नाही म्हणून!" मामा हसून हसून खोकायला लागले होते. जाताना तिच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारून गेले. त्या दिवसांत मला वाटायचं, बरं झालं कागद केला नाही.

पुढच्या पावसाळ्यात सक्सेना साहेबांची बदली झाली. नारळाला काय, साहेबाबरोबर जाता येत नाही. नव्या मॅनेजर मॅडम पुण्याच्या, शुद्ध मराठी, गोड बोलणं. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, यापुढं सगळ्यांनी सगळी कामं करायची. रिटर्नच्या टेबलाची खुर्ची उचलली. कल्पनाला पॅकिंगला उभं केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं पाऊल सुजून चपलेत मावेना. दोन दिवस तिनं दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, उभं राहता येत नसेल तर येऊ नका.

मी मामांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "तिला घेऊन ये. मी केबिनीतच हाय." आम्हाला केवढा धीर आला! कल्पना म्हणाली, बघ आता मामा कसा आवाज लावतात ते. आम्ही चार-पाच जणी तिला धरून केबिनीत गेलो.

मामा खुर्चीत बसले होते. समोर चहाचा कप, अर्धा प्यायलेला.

मी तो कप बघितला. बाकीच्यांनी बघितला की नाही, मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सगळ्या समोर आलात. मामा, या म्हणतात की यांना कायम बसून काम द्यायचं ठरलं होतं. माझ्याकडे तशी कुठंच नोंद नाही. तुम्हीच सांगा, ठरलं होतं का तसं?"

मामा कपात बघत म्हणाले, "काय बोल्ल्या? ऐकू न्हाय आला."

काचेपलीकडच्या माणसाचं बोलणं वाचणारा माणूस! मॅडम हातभर अंतरावर! आमच्यातल्या एकीच्या तोंडून तर "अरे देवा" निघून गेलं. कल्पना मात्र साधी. तिला वाटलं खरंच ऐकू आलं नसेल. ती काठी टेकत त्यांच्या उजव्या बाजूला गेली आणि वाकून म्हणाली, "मामा, देवळात नाही का? नारळावर हात ठेवून. तुम्ही जामीन राहिलात."

मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. मॅडमकडे बघून म्हणाले, "तो नारल हिचा पाय बरा व्हावा म्हनून फोडलेला, मॅडम. देवीला. कामाचा असा काय शब्द झाला नव्हता. पोरीचा गैरसमज झाला असंल."

माझं टाळकंच फिरलं. मी ओरडले, "मामा, खोटं बोलताय! देवीपुढचं खोटं बोलताय! मी होते तिथं, खोबरं खाल्लंय मी!"

मामा म्हणाले, "सुषमा, आवाज हळू. हापिस हाय ह्यो."

आयुष्यात ज्यानं हळू म्हणजे काय ते ओळखलं नाही, तो माणूस मला हे सांगत होता. मॅडमनी कल्पनाला पाणी दिलं. तिनं ग्लास हातात धरला आणि तसाच परत ठेवला.

पुढं कळलं ते असं. त्याच कंपनीचं जवळच दापोड्याला नवीन, याच्या दुप्पट गोदाम तयार होत होतं. तिथं गावातल्या पोरांना लोडिंगला घ्यायचं आणि गेटवर मामांच्या युनियनचा बोर्ड लागायचा, हे त्याच आठवड्यात ठरत आलं होतं. एका बाईच्या खुर्चीपायी ते मोडलं असतं. आमच्यातल्या काही जणी अजूनही म्हणतात, अगं, किती घरांची चूल पेटली त्यानं, एकीचंच तर गेलं. मी म्हणते, मग तसं तिच्या तोंडावर सांगायचं होतं. म्हणायचं होतं, पोरी, तुझा बळी देतोय, माफ कर. कल्पनानं कदाचित केलंही असतं माफ. पण तिलाच खोटी पाडली! ज्या पोरीच्या नवऱ्यानं तुमच्या शब्दावर तक्रार खिशात ठेवली, तिचा गैरसमज? युनियन कशाला असते हो? साहेबानं शब्द फिरवला तर उभं राहायला. इथं साहेब बदलीवर सुटला आणि शब्द फिरवला युनियननं.

रमेश आणि मी कामगार ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या माणसानं सभ्यपणे विचारलं, अपघात झाला तेव्हाच का नाही आलात? मग ठाण्याच्या त्या पिशवीवाल्या काकांना शोधून काढलं. त्यांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. अर्ज करून दिला, म्हणाले, उशीर झालाय, वेळ लागेल, पण सोडायचं नाही. ते अजून चालू आहे. कल्पना मात्र घरी बसली. मधे दोन-तीनदा गेले तर दार बंद, शेजारीण म्हणाली, कामाला जाते कुठंतरी.

दापोड्याच्या गोदामाच्या गेटवर बोर्ड लागला त्या दिवशी एजन्सीनं आमची शिफ्ट सोडून आम्हाला बसमध्ये भरून तिकडं नेलं. मंडपात गर्दी दिसायला हवी होती. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. मंडप दांडगा, मोठा बोर्ड, हार, ढोल. जेवणाला मटणाचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी जेवणार नव्हते. पण भूक लागली होती आणि भाकरी अशी मऊ, पांढरीशुभ्र, की दोन खाल्ल्या. पाणी कुठं दिसेना म्हणून मंडपाच्या मागं गेले.

मागं चुली मांडल्या होत्या. एका चुलीपुढं पाटावर कल्पना बसली होती, भाकऱ्या थापत. उजवा पाय दुमडता येत नाही, म्हणून तो सरळ पसरलेला, चुलीच्या अगदी कडेला. बाजूला काठी. भाकऱ्यांची चळत तिच्या खांद्यापर्यंत आलेली.

मी काही बोलायच्या आत मामा तिथं आले. नवा कोरा पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, देवाशपथ झाला. "सुषमा! आलीस? बरा केलास." मग कल्पनाकडं हात करून, सगळ्या आचाऱ्यांना ऐकू जाईल असं, "बघितलास? आता आमच्या घरीच असते. मामीला भाकऱ्या करून देते, कार्याला हिलाच बोलावतो. दिला का न्हाय बसून काम? मामानं शब्द पाळला का न्हाय?"

त्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश असता ना, तर मी तव्यावरची भाकरी उचलून तोंडावर मारली असती. नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं, आणि त्यांना वाटलं धुराचं. "सरक, सरक, धूर हाय तिकडं," म्हणाले. तेवढ्यात माइकवरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, टाळ्या वाजल्या आणि ते लगबगीनं मंडपात गेले.

मी कल्पनाचा दंड धरला. म्हटलं, "ऊठ. ऊठ इथून. चल माझ्याबरोबर."

तिनं पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडं वर बघितलं. "कुठं?" म्हणाली.

मंडपातून मामांचा आवाज येत होता, माइकची गरज नसलेला. कल्पनानं तव्यावरची भाकरी उलटली.

"दुसरी पंगत बसायचीय गं," ती म्हणाली. "ते पीठ जरा इकडं सरकव. माझा हात नाही पोचत."

मी परात तिच्याकडं सरकवली.